बोट आहे, पासवर्ड नाही

माझा नवरा वायफायचं काम करायचा आणि आमच्या घरात त्याच्याच लॅपटॉपला वायफाय नव्हतं. हे ऐकून लोक हसतात. हसू द्या. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याकडे कायमचा मुक्कामाला होता.

काम म्हणजे पगाराचं काम नव्हे. पगारासाठी तो पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात पाइपांचे नकाशे काढायचा. पण घरी आला, हातपाय धुतले, की आतल्या खोलीत लॅपटॉपपुढे बसायचा. जगभरातले लोक मिळून एक कॉम्प्युटरची सिस्टिम बनवतात, कुणालाही फुकट मिळते, कुणीही उघडून बघावी, दुरुस्त करावी. त्या सिस्टिमवर वायफाय जोडायचं म्हणजे पूर्वी एक दिव्य होतं. काळ्या पडद्यावर ओळीच्या ओळी टाइप करायच्या, एक टिंब चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या नवऱ्याने आणि त्याच्यासारख्या अजून चारपाच रिकामटेकड्यांनी मिळून त्यासाठी एक चौकट बनवली. कोपऱ्यातल्या चित्रावर क्लिक करा, आजूबाजूच्या वायफायची नावं दिसतील, आपलं निवडा, पासवर्ड द्या, संपलं. एवढ्याशा चौकटीवर त्याने आमच्या संसारातले सगळे शनिवार-रविवार घालवले.

आणि स्वतः मात्र तारेवर. कारण त्याच्या लॅपटॉपमधला वायफायचा भाग कायम उघडा पडलेला असायचा, काहीतरी तपासायला काढलेला. म्हणून राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत त्याने एक लांबलचक वायर टाकली होती. मी रोज तिला अडखळायचे. रोज म्हणायचे, अरे, ही वायर काढ. रोज तो मान वर न करता म्हणायचा, "नंतर."

त्या कामातल्या लोकांत त्याला घुबड म्हणतात. तिथे कुणी खरं नाव लावत नाही. तो रात्री जागायचा म्हणून घुबड. दुसरा एक आहे त्याला मुंगी म्हणतात, कारण त्याच्या नावापुढे मुंगीचं चित्र असतं. हा मुंगी आपलाच मराठी माणूस, पण कुठल्या देशात राहतो तेही मला धड माहीत नाही. दहाएक वर्षं दोघं रोज भांडत होते आणि एकदाही भेटले नव्हते.

एका सकाळी नवरा बाथरूममधून बाहेर आला आणि पॅसेजमध्ये पडला. मेंदूत गुठळी. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि शब्द गेले. जीव राहिला. सगळे म्हणाले, जिवावरचं शेपटावर निभावलं. मीही मान हलवली.

शब्द गेले म्हणजे एक सोडून सगळे गेले. डॉक्टर म्हणाले असं होतं, भाषा जाते आणि एखादा शब्द मागे राहतो, कुठला राहील ते कुणाच्या हातात नसतं. काहींची म्हणे शिवी राहते. आमच्याकडे "नंतर" राहिलं. पाणी हवंय? नंतर. दुखतंय? नंतर. मी कोण? नंतर. नणंद हे ऐकून तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. मी तिथेच उशीचा अभ्रा बदलत राहिले.

मला रडू आलं नाही. लोक म्हणतात रडायला वेळच मिळाला नाही. मला वेळ होता, रडूच आलं नाही. दाताचा डॉक्टर इंजेक्शन देतो ना, गाल आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं मला सगळ्या अंगाला झालं होतं. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करते, भिंगं घासून फ्रेममध्ये बसवते. अर्ध्या दिवसाची रजा घेऊन अर्धा दिवस जायचे. भिंगं बसवायचे, घरी यायचे, त्याला भरवायचे, पुसायचे, कुशीवर वळवायचे. सुरुवातीला करताना बोलायचे, आता पाठ पुसते हं, आता वळ. पुढे तेही बंद झालं. भिंगं बसवताना मी काय भिंगाशी बोलते?

पलंग आम्ही बाहेरच्या खोलीत आणला होता, कारण आतल्या खोलीला दोन पायऱ्या चढाव्या लागतात. नणंद रोज सकाळी येऊन बसायची. माझ्यापेक्षा मोठी आहे, तोंडाने फटकळ, पण मी दुकानातून येईपर्यंत जागची हलायची नाही.

मग बोलण्याच्या बाई आल्या. म्हणजे त्या येत नाहीत, त्या दूरच्या एका हॉस्पिटलात बसतात आणि स्क्रीनवरून शिकवतात. गेलेली भाषा परत आणायचं काम करतात. त्यांनी फोनवर मला स्पष्ट सांगितलं, "पहिले काही महिने महत्त्वाचे. आणि त्याआधी मला हे बघायचंय की त्यांना किती समजतंय. बोलता न येणं वेगळं आणि न समजणं वेगळं. समज असेल तर आपण बोलण्यावर काम करू. समजच नसेल तर मग तुम्हाला वेगळी तयारी करावी लागेल."

वेगळी तयारी म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

पहिला तास माझ्या फोनवर करून बघितला. फोनचा पडदा तो केवढा, त्यात ह्याला उजवीकडचं नीट दिसत नाही. तो छताकडे बघत राहिला. दुसऱ्या वेळी नणंदेने स्वतःचा लॅपटॉप आणला. दुकानातून घेतलेला, चकचकीत, उघडला की वायफाय चालू. त्याच्या मांडीवरच्या टेबलावर ठेवला तर त्याने डाव्या हाताने तो सरळ ढकलून दिला. नणंदेने पकडला म्हणून वाचला. पुन्हा ठेवला, पुन्हा ढकलला.

"अगं, ह्याला नकोय," नणंद म्हणाली.

"ताई, त्याला काय हवं-नको कळतंय का, तेच तर बघायचंय," मी म्हटलं.

"मला तर वाटतं ह्याला ह्याचंच डबडं हवंय."

डबडं म्हणजे त्याचा लॅपटॉप. मी आतल्या खोलीतून आणला. झाकणावर ओरखडे, एका कोपऱ्याला चिकटपट्टी. तो त्याने ढकलला नाही. डावा हात त्यावर ठेवून बसला. पण वायर बाहेरच्या खोलीपर्यंत पोचेना. राउटर आतल्या बाजूला भिंतीत आहे आणि वायर ह्याने खिळे मारून बसवलेली. आता वायफाय लावल्यावाचून गत्यंतर नव्हतं. नणंद म्हणाली, "एवढं आयुष्य घातलंय ह्याने त्यात, चुटकीसरशी होईल."

लॅपटॉप बोट लावून उघडतो. बोट उजवं. मी त्याचं मेलेलं बोट उचललं आणि बटणावर टेकवलं. उघडला. वायफायचा भाग नशिबाने ह्या वेळी जागेवर होता. कोपऱ्यातल्या चित्रावर क्लिक केलं, नावांची यादी आली. शेजाऱ्यांची, खालच्या दवाखान्याची, आमचं. आमचं निवडलं. पासवर्ड मागितला, राउटरच्या पाठीवर चिकटवलेला असतो तो वाचून टाकला. आणि तेवढ्यात दुसरीच एक चौकट वर आली. "तुमचा किल्ल्यांचा जुडगा बंद आहे. उघडण्यासाठी पासवर्ड द्या."

कसला जुडगा? राउटरचा पासवर्ड पुन्हा टाकला. चुकीचा. चौकट बंद केली, ती परत आली. पुन्हा बंद केली, पुन्हा आली. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत. शेवटी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि म्हटलं, "हे काय मागतंय? तुझा पासवर्ड काय आहे?"

त्याने त्या चौकटीकडे बघितलं. डावा हात कळांवर नेला, बोटं तिथे थोडी घुटमळली, एक-दोन अक्षरं उमटली, मग हात खाली पडला.

"नंतर," तो म्हणाला.

तो तासही गेला. बाईंनी शांतपणे सांगितलं की रांगेत बरेच लोक आहेत, अजून एकदा असं झालं तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. माझं चुकलं असं त्या म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी मुंगीला फोन लावला. नवरा हॉस्पिटलात होता तेव्हा त्याने कुठूनतरी माझा नंबर मिळवून फोन केला होता. तेव्हापासून मला वहिनी म्हणतो. मी काय झालं ते सांगितलं.

"वहिनी, लॅपटॉप बोटाने उघडलात ना? तिथेच तर ग्यानबाची मेख आहे," तो म्हणाला. "तो जुडगा म्हणजे एक तिजोरी, वायफायचा पासवर्ड तिच्यात ठेवला जातो. रोजचा पासवर्ड टाइप करून लॅपटॉप उघडला की तिजोरीही आपोआप उघडते. बोटाने लॅपटॉप उघडतो, पण तिजोरी नाही उघडत. मग ती वेगळा पासवर्ड मागते."

"म्हणजे घरात शिरता येतं, पण दिव्याचं बटण कपाटात आणि कपाटाला कुलूप."

"हो, तसंच."

"ही अक्कल कुणाची?"

तो म्हणाला, जाऊ द्या वहिनी. मी म्हटलं, सांग की.

"त्याचीच," मुंगी म्हणाला. "आमचं ह्यावर कडाक्याचं भांडण झालं होतं. मी म्हणत होतो की वायफायला कशाला हवी तिजोरी, लोक अडकतील. तो म्हणाला सुरक्षितता म्हणजे सुरक्षितता. मी म्हटलं, अरे, समज एखादा बोटाने उघडतो आणि पासवर्ड विसरला. त्याने लिहिलं, बोट आहे पण पासवर्ड नाही असा माणूस मला आणून दाखव, मग बघू."

"घे," मी म्हटलं. "दाखवला."

मी गंमत म्हणून म्हटलं होतं. तो हसला नाही. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. आता ह्याचं सांत्वन मी करायचं की काय, असं मला वाटलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

मग त्याने मला वाट सांगितली. आमच्या वायफायच्या नावाशेजारी दातेरी चाकाचं चित्र, त्यावर क्लिक. तिथे वर चार नावं दिसतात, त्यातलं पहिलं. अगदी तळाशी एक खूण करायची जागा, "हे जोडणं ह्या मशीनवरच्या सर्वांसाठी ठेवा". ती केली की मशीन मालकाची परवानगी मागतं, आणि परवानगीला बोट चालतं. तिजोरी राहिली बाजूला. द्राविडी प्राणायाम नुसता. ती खूण अशी पाताळात का ठेवलीत म्हणून मी विचारलं तर म्हणाला, जास्त खुणा दिसल्या की लोक घाबरतात, असं त्याचं मत होतं.

मी पुन्हा ते बोट उचललं, टेकवलं. कोपऱ्यातल्या चित्राच्या रेघा भरल्या. जोडलं गेलं. माझ्या नवऱ्याच्या लॅपटॉपला आमच्या घरात वायफाय आलं. तो बघत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि माझ्याही नसावं.

पुढचा तास नीट झाला. बोलण्याच्या बाई चाळिशीच्या असतील, गोल चेहरा, आवाज खूप हळू. त्यांनी पडद्यावर तीन चित्रं ठेवली. चमचा, खुर्ची, छत्री.

"छत्री कुठे आहे? बोट ठेवा बरं छत्रीवर."

तो पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बघत राहिला. त्यांनी तीनदा विचारलं. मग दुसरी चित्रं, कुत्रा, बूट, घर. बूट दाखवा. त्याने हात घरावर ठेवला आणि काढून घेतला. मग डोळे मिटले. पुढच्या तासाला तेच. त्याच्या पुढच्याला तेच. नणंद मागे उभी राहून ओठ हलवत होती, परीक्षेला बसलेल्या मुलाची आई दाराबाहेर हलवते तसे.

त्यानंतर बाईंनी मला एकटीला बोलावून घेतलं, म्हणजे फोनवर. "मी ठाम काही सांगत नाही. पण समज बरीच गेली असावी असं वाटतंय. अपेक्षा थोड्या कमी ठेवा."

मी ठीक आहे म्हटलं. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं हे मला कळत होतं. पण त्याचा अर्थ असा की आत कुणी नाही. आत कुणी नसेल तर कुणाला काही होत नाही. ढोपराला जखम होते, चादर ओली होते, नणंद त्याच्यासमोर आपल्या मैत्रिणीला फोनवर त्याच्या लघवीची गोष्ट सांगते, यातलं काही कुणाला लागत नाही. त्या दिवसापासून मला झोप लागायला लागली. मी त्याला अजूनच नीट पुसायला लागले, सांदीकोपऱ्यांपर्यंत, आणि तोंडातून अक्षर काढत नव्हते.

मग मुंगीचा फोन आला. दुपारी, मी दुकानातून नुकतीच आले होते.

"वहिनी, मी तो बदल लिहिला आहे. आता कुणी अडकणार नाही. बोटाने उघडलेला लॅपटॉप तिजोरी मागणार नाही. महिनाअखेर नवी आवृत्ती निघतेय, तिच्यात घालायचाय."

"बरं झालं."

"पण आमच्याकडे एक नियम आहे. प्रत्येक भागाला एक मालक असतो. त्याने मान्य म्हटल्याशिवाय त्या भागातली एक ओळही बदलत नाही. ह्या भागाचा मालक घुबड आहे. मालक उत्तर देऊ शकत नसेल तर त्याचं नाव काढून दुसऱ्याचं लावतात. जुन्या लोकांच्या नावात तो राहील, मानाने. पण मालक म्हणून राहणार नाही. बाकीचे म्हणतायत की काढावं. मी म्हटलं, आधी वहिनींना विचारतो."

"काढ की," मी म्हटलं.

"वहिनी, घाई नाही."

"घाई कसली? कसलं नाव आणि कसला मालक. काढ."

तो म्हणाला, "त्याला एकदा विचाराल?"

"कुणाला?"

मी हे मुद्दाम म्हटलं नाही. खरंच तोंडातून तसंच आलं.

"नुसतं त्याच्यासमोर उघडून ठेवा," मुंगी म्हणाला. "काही होणार नाही, मला माहितेय. पण मालकाला न विचारता मी त्याच्या भागात कधी हात घातला नाही. एकदा दाखवल्यासारखं होईल. माझ्या मनाला बरं वाटेल."

नाही म्हणायलाही जोर लागतो. तो माझ्यात नव्हता. मी लॅपटॉप आणला, बोट टेकवलं, मुंगीने सांगितलं तिथे गेले. पडद्यावर ओळीच ओळी उघडल्या. काही लाल, त्या काढायच्या. काही हिरव्या, त्या घालायच्या. मला त्यातलं काही समजत नाही, नुसते कंस आणि टिंबं. वर एक बटण होतं, "मान्य". फोन स्पीकरवर टाकून पलंगाच्या कडेला ठेवला आणि मी कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. नणंद तिच्या खुर्चीत पेंगत होती.

"काय करतोय?" मुंगीने विचारलं.

"बसलाय."

चार घड्या झाल्या असतील. मी सहज बघितलं. त्याचे डोळे हलत होते. ओळीवरून ओळीवर, डावीकडून उजवीकडे, शेवटाला मान थोडी वळवून, कारण उजवीकडचं त्याला दिसत नाही. डावा हात कळांवर होता. पान खाली सरकलं. परत वर आलं. पुन्हा खाली.

"पान सरकवतोय," मी म्हटलं.

"त्याला सवय आहे ती. हात करतो आपोआप," मुंगी म्हणाला. दोघंही जपून बोलत होतो.

मग त्याने डाव्या हाताचं बोट पडद्यावर ठेवलं. चष्म्याचं काम करणारीला काचेवरचं बोट सहन होत नाही. मी कापड घेऊन गेले, हात बाजूला केला, डाग पुसला. त्याने बोट पुन्हा तिथेच ठेवलं. मी पुन्हा हात उचलून मांडीवर ठेवला. त्याने पुन्हा वर नेला आणि त्याच जागी टेकवला. ह्या वेळी दाबून. नखाचं टोक पांढरं झालं होतं.

"काय झालं?" मुंगी म्हणाला.

"बोट ठेवलंय. काढतच नाही."

"कुठे?"

"एका ओळीवर. हिरवी आहे. दुसरा हिरवा तुकडा, त्याच्या शेवटाच्या आधीची ओळ."

पलीकडे कळांचा आवाज आला. मग तो थांबला.

"वहिनी," मुंगी म्हणाला, "त्याने त्याच ओळीवर बोट ठेवलंय? नक्की?"

"किती वेळा सांगू? तीनदा ठेवलं. मी काढलं, त्याने ठेवलं."

"तिथे चूक आहे."

"म्हणजे?"

"माझी चूक आहे. मी तिजोरी काढली, पण मालक कोण आणि पाहुणा कोण ते बघायचं राहिलं. कुणीही पाहुणा त्या मशीनवर बसला असता तर त्याला घरातला पासवर्ड उघडा दिसला असता. तिघांनी वाचलंय हे. तिघांनी मान्य म्हटलंय. कुणाला दिसलं नाही. ह्याचसाठी भांडत होता तो माझ्याशी. हेच म्हणत होता."

नणंद जागी झाली होती. "काय गं?" तिने विचारलं. मी हातानेच थांबा म्हटलं.

"योगायोग असेल," मी फोनमध्ये म्हटलं. "हात कुठेही पडतो त्याचा. बूट म्हटलं की घरावर पडतो."

"थांबा. मी दुरुस्त करून पाठवतो. तुम्ही त्याला काही सांगू नका, नुसतं दाखवा."

आम्ही थांबलो. नणंदेने पाणी आणून त्याला पाजलं, हनुवटी पुसली. मुंगी म्हणाला, आता पान नवं करा. मी केलं. नवऱ्याने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. त्या जागी आल्यावर थांबला. मी कापड हातात घट्ट धरून उभी होते. बोट वर आलं नाही. तो पुढे वाचत गेला, शेवटपर्यंत. मग डावा हात फिरवून बाण वर नेला, दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बटणावर बसला, आणि त्याने मान्य दाबलं.

मुंगी फोनवर रडत होता. इतका मोठा माणूस, कुठल्या देशात बसलेला कोण जाणे. "नाव काढत नाही वहिनी," एवढंच मला कळलं. मी बरं म्हणून फोन ठेवला.

नणंद उठून भावाचं डोकं छातीशी धरून बसली. म्हणाली, "मी म्हणत होते ना, आहे तो, आहे म्हणून." ती कधीच असं म्हणत नव्हती, पण जाऊ दे.

मला आनंद झाला का? झाला असेल. आधी राग आला. सरळ त्याच्यासमोर जाऊन मी म्हटलं, "मग ती छत्री का नाही दाखवलीस? बाई कधीपासून विचारतायत. छत्री कुठली ते तुला कळत नव्हतं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. कोपऱ्यात नाही, माझ्याकडे. आणि त्याच्या तोंडातून काहीच आलं नाही, तो एक शब्दही नाही. कदाचित त्याला छत्री खरंच माहीत नसेल. छत्री हा शब्द गेला असेल आणि ती कंस-टिंबं राहिली असतील, असंही होतं म्हणे, बाईंनी नंतर सांगितलं. पण ते त्याच्या बघण्यात नव्हतं. तो मला बघत होता, रोज संध्याकाळी दार उघडून आत यायचा तेव्हा बघायचा तसा.

मी इतके दिवस ज्याला पुसत होते, वळवत होते, तोंडात चमचा कोंबत होते, तो आत होता. सगळाच्या सगळा. आत कुणी नाही म्हणून मला झोप लागत होती, आणि तो माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर पडून जागा असायचा. दिवसचे दिवस मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नव्हते.

नणंदेला मी म्हटलं, ताई, तुम्ही जरा चहाचं बघता का. ती गेली. मी स्टूल ओढलं, त्याच्या डाव्या बाजूला, जिथलं त्याला दिसतं तिथे. माफ कर म्हणावं असं वाटलं, पण ते म्हटलं असतं तर मी कोसळले असते आणि त्याला मला सावरता आलं नसतं. एका हाताने तो काय सावरणार? मग मी म्हटलं, "आज दुकानात एक बाई आल्या होत्या. चष्मा बसत नाही म्हणून तासभर वाद घातला, आणि शेवटी बघते तर नवऱ्याचा चष्मा घालून आलेल्या."

तो ऐकत होता. मी पुढचं सांगितलं. मग कालचं सांगितलं. मग दुकानाच्या मालकाने मागच्या खोलीला नवा पंखा लावला ते, आणि तो कसा घरघरतो ते. चहा आला, गार झाला, मी बोलतच होते. मध्ये कुठे थांबले की तो मान थोडी वळवून माझ्याकडे बघायचा, पुढे काय झालं म्हणून.